गावचा दगड शाळेत न्यायचा कसा?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाडीतल्या शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. त्या मूळच्या घाटावरच्या. बदली होऊन इकडे आल्याला त्यांना दोन वर्षे झाली. मी भूगोल घेऊन बी. ए. करते, हे त्यांना माझ्या धाकट्या बहिणीकडून कळले होते. चहा घेताना त्या म्हणाल्या, "खडकांचा पाठ शिकवला. पुस्तकात बेसॉल्ट आहे. मुलं विचारतात, आमच्या घराच्या भिंतीचा तांबडा दगड कसा झाला? मला त्याचं जांभा हे नाव तेवढं ठाऊक. तू कॉलेजात आहेस. इथल्या दगडमातीवर शिकवायला काही मिळतं का, बघशील?"

"ग्रंथालयात असेल की बाई, आठ दिवसांत आणून देते," असे मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले. त्या आठ दिवसांचे पाच महिने झाले. हिमालय, गंगेचे खोरे, ज्वालामुखी यांवर पुस्तके पुष्कळ मिळाली, पण मालवण तालुक्यातल्या मुलाच्या हातात ठेवता येईल असे तयार काही मिळाले नाही. जे मिळाले ते सुटे सुटे, निरनिराळ्या ठिकाणी पडलेले होते. ते कोठे आहे, कसे मिळवावे आणि शाळेत कसे वापरावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. आपल्यापैकी बरेच जण पुढे शिक्षकी पेशात जाणार आहेत. माझी झालेली पायपीट त्यांची तरी वाचावी, एवढाच हेतू.

पुस्तकात आपण का नाही?

प्रथम पाठ्यपुस्तकाला दोष देण्याचे कारण नाही. ते साऱ्या महाराष्ट्रासाठी असते, आणि महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेल्या लाव्हारसाच्या बेसॉल्टने झाकलेला आहे. तेव्हा पुस्तकात बेसॉल्ट येणे साहजिकच आहे. पण आपला सिंधुदुर्ग जिल्हा उरलेल्या भागाशी जास्त नाते सांगतो. देवगड, वैभववाडीकडे आणि सह्याद्रीच्या कड्यांत बेसॉल्ट आहे. कणकवली-मालवणच्या बाजूला कलादगी गटातले वालुकाश्म आणि क्वार्टझाइट आहेत. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील कलादगी गावावरून हे नाव पडले. हे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. कासार्डे येथून काच कारखान्यांसाठी जाणारी सिलिका वाळू याच कुळातली. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे तर अडीचशे कोटी वर्षांपलीकडचे पट्टिताश्म आढळतात आणि रेडीला लोहखनिज मिळते. या सर्वांच्या डोक्यावर अनेक ठिकाणी जांभ्याची टोपी आहे. पृथ्वीच्या इतिहासातली इतकी निरनिराळी पाने एका लहानशा जिल्ह्यात उघडी पडलेली असताना आपली मुले मात्र दगड म्हणजे चित्रातला दगड एवढेच शिकतात, ही खेदाची गोष्ट आहे.

पहिले साधन : चिरेखाण

मी शोध सुरू केला तो ग्रंथालयातून. वस्तुतः तो घरातून सुरू करायला हवा होता. माझे बाबा वीस वर्षे चिरेखाणीवर काम करीत होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. मी टेबलावर पुस्तके पसरून बसलेली पाहून त्यांनी काय शोधतेस असे विचारले. मी सांगितले. ते हसून म्हणाले, "अगो, तेका पुस्तक कित्याक होया? खाणीर चल."

दुसऱ्या दिवशी एका बंद पडलेल्या खाणीच्या काठावर उभे राहून त्यांनी मला थर दाखवले. सगळ्यात वर काळपट, टणक कातळ. त्याखाली चिरे काढण्याजोगा तांबडा, भोकाभोकांचा जांभा. त्याखाली तो मऊ होत जातो आणि शेवटी पांढरट-गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी माती येते. तिला आपल्याकडे शेडी म्हणतात. "शेडी लागली की खाण बंद. थय चिरो गावणा नाय," बाबा म्हणाले.

पुढे महाविद्यालयातल्या भूगोलाच्या सरांनी जे पुस्तक दिले त्यात हेच थर याच क्रमाने काढलेले होते. फक्त नावे वेगळी होती. जांभ्याला लॅटराइट आणि शेडीला लिथोमार्ज. फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश सर्जनने मलबारात अंगाडिपुरम येथे लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधतात हे पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तान्तात त्याला लॅटराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. म्हणजे जगभरच्या पुस्तकांतले हे नाव चिरे काढणाऱ्या माणसांच्या कामावरून आले आहे. हे वाचले त्या रात्री मी बाबांना ते सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना मात्र त्यांनी ते दोनदा सांगितले.

जांभा होतो कसा, हेही सोपे आहे. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस असलेल्या प्रदेशात मूळ खडक हजारो, लाखो वर्षे कुजत राहतो. पावसाचे पाणी त्यातली सिलिका आणि चुना, सोडियम यांसारखे विरघळणारे पदार्थ वाहून नेते. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. लोहामुळे रंग गंजासारखा तांबडा होतो. ओला असताना दगड कापता येतो आणि उघड्या हवेत वाळला की घट्ट होतो. मुलांना सांगताना गंजलेल्या खिळ्याचे उदाहरण द्यावे, ते लगेच पटते.

दुसरे साधन : विहीर

आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या वाडीत पाण्यासाठी हंडे फिरतात. का? हा प्रश्न वर्गात विचारला की मुलांचे डोळे चमकतात, कारण हंडे त्यांनीही उचललेले असतात.

याचे उत्तर बाबांनी एका वाक्यात दिले होते : "जांभ्यात पाणी रवणा नाय. खाली शेडी आसा, थय येवन ता अडकता आणि बाजूक पळता." जांभा सच्छिद्र, त्यामुळे पाणी भराभर आत शिरते. शेडी चिकणमातीसारखी, तिच्यातून पाणी सहज खाली जात नाही. मग ते दोघांच्या सांध्यावरून आडवे सरकते आणि सड्याच्या काठाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडून व्हाळातून खाडीला मिळते. म्हणून सड्याच्या माथ्यावरच्या विहिरी लवकर आटतात आणि पायथ्याच्या विहिरींना उशिरापर्यंत पाणी राहते. तीव्र उतारावर हीच ओली, निसरडी माती धोक्याचीही ठरू शकते. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये गावावर दरड कोसळली, ती बातमी आपण सर्वांनी ऐकली आहे. उतार कापताना खाली काय आहे ते पाहावे, एवढे तरी मुलांना कळले पाहिजे.

विहिरीसाठी लागणारे साहित्य म्हणजे सुंभाची दोरी, एक वजन आणि वही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे. वर्षअखेर बारा आकडे होतात आणि त्यांचा आलेख काढला की पावसाळा, हिवाळा, उन्हाळा कागदावर दिसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरी ठरवून पावसाळ्याआधी व नंतर हेच काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे कार्यालय असते आणि तेथे भूवैज्ञानिक असतात. शाळेने रीतसर पत्र दिल्यास त्यांच्याकडील आकडे आपल्या आकड्यांशेजारी मांडता येतील.

सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरीही याच पाठात येतात. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, याला आपण चमत्कार म्हणतो. परंतु अशा बेटांवर सर्वसाधारणपणे असे घडते की, मुरलेले पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत साठते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. एका पेल्यात मिठाचे पाणी घेऊन त्यावर चमच्याच्या पाठीवरून अलगद रंगीत गोडे पाणी सोडले तर ते वर राहते. हा प्रयोग तिसरीतल्या मुलालाही करता येतो. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याची उभारणी सुरू करण्यापूर्वी पाण्याचा विचार झाला असणारच, हे कळल्यावर चमत्कार जाऊन बांधणाऱ्यांविषयीचा आदर उलट वाढतो.

तिसरे साधन : पुळण

किनाऱ्यावरची मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरावी आणि साधे भिंग घ्यावे. काचेसारखे कण दिसतात ते गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे. पांढरे चपटे तुकडे शिंपल्यांचे. त्यांवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात, गारेवर येत नाहीत. काळे कण असतील तर त्यांवरून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. चटकन चिकटतात ते मॅग्नेटाइट.

देवबागची जीभ तर भूगोलाच्या पुस्तकात असावी अशी आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. नदीने आणलेली वाळू लाटा आणि प्रवाह हलवतात. पावसाळ्यात किनारा खचतो, हिवाळ्यात पुष्कळशी वाळू परत येते. एखाद्या माडापासून भरतीच्या रेषेपर्यंत किती पावले होतात, हे मुलांनी दर अमावास्येला मोजून लिहून ठेवावे. कर्लीच्या मुखाजवळच्या वाळूच्या उंचवट्याला लोक 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. नदीच्या मुखाशी असे दांडे भरती-ओहोटीमुळे बनतात आणि सरकतात. नाव कसे पडते आणि भूमी कशी घडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही यावरून शिकवता येते.

कागदपत्रे आणि नकाशे

आता कार्यालयांकडे वळू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ सालची. तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे. जिल्हावार खनिज व भूवैज्ञानिक नकाशे तिने केले आहेत आणि 'भूकोश' या संकेतस्थळावर ते पाहता येतात. नकाशात प्रत्येक खडकाला वेगळा रंग असतो. तो पाहून आपल्या गावाखाली काय आहे हे कळते.

भारतीय सर्वेक्षण विभाग त्याहून जुना, १७६७ सालचा. त्याचे स्थलनिर्देशक नकाशे आपण प्रात्यक्षिकाला वापरतोच. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. जुन्या क्रमांकानुसार मालवण शहर ४७ एच/८ या पत्रकावर येते. सोळा अंश अक्षांशाची रेषा तालुक्याच्या दक्षिण टोकातून जात असल्याने देवबागसाठी मात्र ४८ ई/५ हे दुसरे पत्रक लागते. मला हे ठाऊक नव्हते. एकाच पत्रकावर देवबाग शोधत मी अर्धा तास घालवला. समोच्च रेषा जेथे विरळ होतात तो सडा आणि जेथे दाटतात ती त्याची कड, एवढे सांगितले की मुले आपली वाडी नकाशात शोधू लागतात. 'इस्रो'च्या 'भुवन' या संकेतस्थळावरून उपग्रहाने टिपलेली चित्रेही दाखवता येतात.

वाळू उत्खननासंबंधीच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार करावा लागतो. त्यात नद्या, पाऊस, खडक, खनिजे यांची माहिती एकत्र असते. मराठीत वाचायचे असेल तर वाईच्या विश्वकोशातील जांभा, खडक, भूविज्ञान या विषयांवरील नोंदी पाहाव्यात. त्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. जुनी माहिती हवी असल्यास मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड पाहावा. तो रत्नागिरी आणि सावंतवाडीचा असून १८८० साली प्रसिद्ध झाला. आपला जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, म्हणून त्याआधीची कागदपत्रे रत्नागिरीच्या नावाखाली शोधावी लागतात, हे ध्यानात ठेवावे. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. सहलीचे ठिकाण ठरवताना समुद्राचा अभ्यास करणारी ही संस्था अवश्य विचारात घ्यावी.

येथे माझी एक फजिती सांगते. एका कार्यालयात मी नकाशा पाहायला गेले. "विद्यार्थिनीला नकाशा कशाला?" असे विचारून मला परत पाठवण्यात आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या वेळी शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र नेले. त्यात कोणता नकाशा, कोणत्या इयत्तेसाठी, कशासाठी, हे तीन ओळींत लिहिले होते. त्याच टेबलावर पाच मिनिटांत काम झाले. माझा राग तेव्हा गेला नाही, पण धडा मिळाला. तोंडी मागणीला उत्तर नसते, लेखी मागणीला बहुधा असते.

दुसरी अडचण भाषेची. नकाशे व अहवाल बहुतेक इंग्रजीत आणि तज्ज्ञांसाठी लिहिलेले. शिक्षकाला ते वाचायला वेळ नाही आणि मुलांना ते कळत नाहीत. म्हणून मी एका वहीत दोन रकाने केले. एकात आपले शब्द : सडा, कातळ, जांभा, शेडी, पुळण, व्हाळ, खाजण. दुसऱ्यात पुस्तकातले. घाटावरून आलेल्या बाईंना या वहीचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. मुले घरी जे बोलतात ते त्यांना कळू लागले.

खोक्यातली शाळा

शेवटी आम्ही चपलांच्या खोक्यात पाच नमुने ठेवले : जांभा, शेडी, गार, वाळू आणि घाटाच्या पायथ्याचा बेसॉल्ट. प्रत्येकावर चिठ्ठी लावली. त्यात कोठे मिळाला, कधी मिळाला आणि कोणी आणला हे लिहिले. ठिकाण न लिहिलेला दगड म्हणजे पत्ता नसलेले पत्र, असे सर म्हणतात.

किनाऱ्यावरून आणलेल्या एका पांढऱ्याशुभ्र दगडावर मी 'संगमरवर' असे लिहिले होते. सरांनी एवढेच सांगितले, "काचेवर ओढून पाहा." काचेवर ओरखडा उठला. संगमरवर काचेपेक्षा मऊ असतो, गार काचेपेक्षा कठीण. चिठ्ठी बदलली. पण बाईंनी ती खोडलेली चिठ्ठी टाकू दिली नाही. चूक कशी शोधली हे मुलांना दाखवायला ती खोक्यातच ठेवली आहे.

काही पथ्ये पाळावीत. चालू खाणीत मुलांना नेऊ नये. पावसाळ्यात कडेकपारीला जाऊ नये. किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, तेथला खडा उचलू नये. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून पोवळे किंवा जिवंत शिंपले आणू नयेत. आणि कातळशिल्पांवर पाय देऊ नये. आपल्या तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे २०२२ साली जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. ज्या जांभ्यावर ती कोरली तोच जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो. कोणता सडा कापावा आणि कोणता राखावा, वाळू किती उपसावी, विहीर कोठे खणावी, हे निर्णय उद्या आज शाळेत असलेली मुलेच ग्रामसभेत घेणार आहेत. त्यांना पायाखालचे काही ठाऊक नसेल तर ते दुसरा कोणी घेईल. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे खरे कारण हेच आहे.

जानेवारीत बाईंनी मला आणि बाबांना वर्गात बोलावले. बाबा आधी यायला तयार नव्हते. "माका काय येता?" म्हणत होते. मग आले आणि शेडीचा गोळा हातात घेऊन पंधरा मिनिटे बोलले. एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "बाई, ह्यो दगड पुस्तकात खंयच्या पानार आसा?" बाईंनी फळ्याजवळच्या खोक्याकडे बोट दाखवले.

बाईंची बदली केव्हाही होईल. खोके शाळेत राहील की अडगळीत जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात जवळजवळ प्रत्येक गावचा विद्यार्थी आहे. प्रत्येकाने आपल्या गावचे एक खोके, एक विहिरीची वही आणि शब्दांचे दोन रकाने केले, त्यांची एकेक प्रत भूगोल विभागात ठेवली, तर पुढच्या वर्षी कोणा बाईंना कोणा विद्यार्थिनीकडे यावे लागणार नाही. आमच्या गावचे खोके मी विभागात आणून ठेवले आहे. शेजारी जागा रिकामी आहे.